पहिली आवृत्ती

जेवणाचे डबे धुऊन सगळे आपापल्या खुर्च्यांवर परतत होते, तेवढ्यात आचलचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. स्क्रीनवरची नजर न काढता तिनं तो कानाला लावला. “अचला मनसाराम बोलून राह्यल्या का?” पलीकडचा आवाज गोड होता, सावकाश, दिवसभर लोकांशी बोलून गुळगुळीत झालेला. “हो,” ती सवयीनं म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की आपलं नाव अचला नाही. “ताई, तुमचं सिकल आहे नं? एस-एस? आमच्याकडे त्याच्यावर जडीबुटी आहे, मुळासकट जाते. फक्त त्या दवाखान्याच्या गोळ्या पहिले बंद करा. गोळ्यांनीच तर रक्त खराब होते—” “राँग नंबर,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या अतुलनं मान वर केली. “कोण होतं?” “सिमकार्डवाले,” ती म्हणाली. अतुल हसला आणि पुन्हा कामाला लागला. खाली रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. तिनं गळ्याभोवतीची ओढणी खांद्यावर ओढली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. 

एस-एस. चंद्रपुरात, तुकूममधल्या या ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर, या दहाबारा टेबलांमध्ये, ती दोन अक्षरं आजवर कोणी तिच्यासाठी उच्चारली नव्हती. तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जन्मापासून विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मग हाडं अशी दुखतात की ओरडायलाही बळ उरत नाही, हे इथं कोणाला ठाऊक नव्हतं. इथं तिची पाठ दुखत असे. कधी मायग्रेन असे. एकदा ती चार दिवस दवाखान्यात होती तेव्हा मामाच्या मुलीचं लग्न होतं. इथल्या लोकांनी त्या लग्नाचे फोटो मागितले होते, आणि तिनं खरोखरच दुसऱ्या कुठल्या तरी लग्नाचे फोटो दाखवले होते. एसीचा झोत नेमका तिच्या टेबलावर येई म्हणून मार्चच्या उन्हाळ्यातही ती ओढणी गुंडाळून बसे, आणि अतुल तिला काश्मीरची पाहुणी म्हणे. तीही हसे. हसणं सोपं होतं. नागपूरच्या होस्टेलवर तिनं एकदा खरं सांगून पाहिलं होतं. खोलीतल्या मैत्रिणीची आई भेटायला आली आणि बोलता बोलता तिनं आचलचा पाण्याचा पेला दोन बोटांनी उचलून खिडकीत नेऊन ठेवला. काही बोलली नाही ती बाई, उलट जाताना चिवड्याचा पुडाही देऊन गेली. पण आठवड्याभरात मैत्रिणीनं खोली बदलली. सिकल लागण होऊन होत नाही, आईबापाकडून रक्तातून येतं, हे आचल त्या दोघींना समजावून सांगू शकली असती. तिनं नाही सांगितलं. तिनं तो पेला खिडकीतून उचलला आणि बराच वेळ धूत बसली.

आता मात्र तिच्या डोक्यात निराळंच काही फिरत होतं. अचला. तिला अचला म्हणणारं जगात एकच ठिकाण होतं. सिंदेवाहीजवळच्या तिच्या गावात फार पूर्वी रक्त तपासायचं शिबिर झालं होतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबलामागे बसलेल्या बाईंनी बोटाला सुई टोचली आणि नाव विचारलं. बापानं सांगितलं आचल, बाईंनी लिहिलं अचला, आणि पुढं वडिलांचं नाव. ती चूक तशीच पुढं कॉम्प्युटरमध्ये गेली. गडचिरोलीच्या पलीकडे एका संस्थेचा दवाखाना होता, सिकलवर काम करणारा. तिच्या गोळ्या तिथूनच येत, आणि तिथं ती अजूनही अचला मनसाराम होती. बाकी सगळीकडे, आधारवर, पदवीवर, इथल्या पगारपत्रकावर, ती आचल होती. म्हणजे फोनवरच्या त्या माणसानं तिचं नाव दवाखान्यातून घेतलं होतं. आणि दवाखान्याचं ॲप सांभाळण्याचं काम या ऑफिसकडे होतं. गेल्या वर्षापासून ते काम आचलच्याच टेबलावर होतं.

ते काम तिनं मागून घेतलं नव्हतं. वाटणीत आलं तेव्हा तिला ते नको वाटलं होतं, आणि मग हळूहळू बरं वाटू लागलं. आपण त्या लोकांसाठी काही करतो आहोत आणि तरी त्यांच्यातल्या नाही, असं दोन्हीकडून सुरक्षित वाटण्यासारखं ते होतं. लहानपणापासून तिला काठावर बसायची सवय होती. घर ढीवरांचं. बाप, काका, आजूबाजूची सगळी पोरं पहाटे तलावात उतरत, छातीभर पाण्यात जाळं ओढत, आणि ती पाळीवर, तलावाच्या बांधावर, गोधडी पांघरून बसे. गार पाण्यानं तिचं दुखणं उठत असे. एकदा कोणाचं न ऐकता ती शिंगाडे काढायला कमरेपर्यंत शिरली होती. पाण्याखालचा गाळ पायाला मऊ लागला, वेलीची पानं मांड्यांना घासली, आणि तिला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं गाऊ लागली. संध्याकाळी बापानं तिला खांद्यावर टाकून सिंदेवाहीपर्यंत नेलं. रस्ताभर ती त्याच्या मानेला चावत होती, दुखणं दुसरीकडं कुठं ठेवायला जागाच नव्हती म्हणून.  दवाखान्याच्या पायरीशी तिला खाली ठेवताना मनसाराम म्हणाला, “हे कोणाले सांगू नोको बाई. लोक नाव ठेवतात.” तेव्हापासून, होस्टेलवरची ती एक वेळ सोडली तर, तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

तिनं लॅपटॉप जरा स्वतःकडे वळवून घेतला. ॲप नर्सच्या टॅबवर असतं आणि रुग्णांची माहिती दूर कुठंतरी सर्व्हरवर. ॲपनं विचारायचं, सर्व्हरनं उत्तर द्यायचं. कसं विचारायचं आणि कोणाला उत्तर द्यायचं याची जी ठरलेली रीत, तिला एपीआय म्हणतात. सध्या चालू होती ती दुसरी आवृत्ती. ती आधी विचारणाऱ्यालाच विचारत असे, तू कोण? नर्सनं लॉगिन केलं असेल तरच दार उघडायचं. आचलनं लॉगिन न करता आपला रुग्ण क्रमांक घालून पाहिला. सर्व्हरनं नकार दिला. तिला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. सर्व्हरच्या पत्त्यात एका जागी दोनचा आकडा होता. दुसरी आवृत्ती असेल तर पहिलीही असणार. पहिली तिच्या येण्याआधी कोणीतरी बनवली होती. ती माणसं केव्हाच दुसरीकडे गेली होती, आणि पहिली बंद झाली असंच सगळे धरून चालले होते. तिनं दोनच्या जागी एक लिहिला आणि बटण दाबलं.

पहिल्या आवृत्तीनं काहीच विचारलं नाही. तिनं लगेच उत्तर दिलं. अचला मनसाराम, स्त्री, एस-एस, गाव, मोबाइल नंबर, रक्त किती वेळा चढवलं, गोळी कोणती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ती सगळी तिथं होती. तिला वाटलं होतं की आपल्याला राग येईल. त्याऐवजी तिला तो शाळेचा व्हरांडा आठवला, रांगेत पुढं उभ्या असलेल्या पोरीच्या वेणीतली लाल रिबीन आठवली, आणि आता शेवटचा आकडा एकानं वाढवला तर कदाचित तीच पोरगी समोर येईल, हे लक्षात आलं. क्रमांक एकामागून एक होते. कोणालाही एकेक वाढवत जाता आलं असतं. तिचं बोट कीवर टेकलं होतं. तिनं ते काढून घेतलं आणि हात मांडीखाली दाबून बसली. मग तिनं सर्व्हरवरची नोंद उघडली. कोणाचं नाव न दाखवता फक्त कोणी कधी काय मागितलं एवढं तिथं कळत असे. कुठल्याशा एकाच ठिकाणाहून, कितीतरी आठवडे, एकामागून एक सगळे क्रमांक मागितले गेले होते आणि पहिल्या आवृत्तीनं सगळे देऊन टाकले होते. कोणी कुलूप तोडलं नव्हतं. तिथं कुलूप नव्हतंच.

भूपेश या ऑफिसचा मालक. घुग्घुसच्या कोळसाखाणीत बाप शिफ्ट करायचा त्याचा, आणि हे ऑफिस त्यानं एका खोलीपासून उभं केलं होतं. त्याच्या केबिनमध्ये जाऊन तिनं दार लावून घेतलं आणि सांगितलं. आपल्याला आलेल्या फोनबद्दल सोडून सगळं सांगितलं. भूपेशनं ऐकता ऐकता चष्मा काढला. “पण ते तर बंद केलं होतं नं?” “नाही सर. जुन्या ईमेलमध्ये सापडलं, काही उपकेंद्रांतले टॅब जुने होते, नवीन ॲप त्यांच्यावर चालत नव्हतं. म्हणून थोडे दिवस राहू दे म्हणून ठेवलं. ज्यांनी ठेवलं ते पुण्याला गेले. मग कोणी बघितलंच नाही.” भूपेश चष्म्याची काडी उघडत मिटत राहिला. “हे पाह्य,” तो शेवटी म्हणाला, आवाज उतरवून, “उद्या सकाळी दवाखान्याचे डॉक्टर श्रीहरी येऊन राह्यले मीटिंगले. त्यांच्यासमोर हा विषय नको काढू. मीटिंग झाली की आपण गुपचूप बंद करून टाकू. झालं ते झालं, आता पुढं होणार नाई. बरोबर?” तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती आणि ती त्याला लपवता येत नव्हती. आचलला ती भीती ओळखीची वाटली. गुपचूप. हाच शब्द ती स्वतः इतकी वर्षं जगत आली होती. बंद करून टाकलं तर तिचंही गुपित राहणार होतं, कंपनीचंही. फक्त ज्यांना फोन येत होते त्यांना कोणी सांगणार नव्हतं की हा बोलणारा डॉक्टर नाही. ती “बरं सर” म्हणाली आणि बाहेर आली.

घरी जाताना ती रामाळा तलावाच्या बाजूनं चालत गेली. रोज ती तिथं थांबत नसे. आज कठड्याला टेकून उभी राहिली. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर होता आणि एक माणूस गळ टाकून बसला होता. तिला त्या फोनवरच्या आवाजाचा राग यायला आता सुरुवात झाली होती. गोळ्या बंद करा. तिच्यासारख्या शिकलेलीला त्यानं हे इतक्या सहज सांगितलं, तर ज्यांना महिन्यातून एकदा नर्स भेटते त्यांना तो काय काय सांगत असेल. आणि त्यांनी ऐकलं असेल. का ऐकू नये? तो नावानं हाक मारतो, आजार सांगतो, रक्त किती वेळा चढलं तेसुद्धा त्याला ठाऊक असतं. तिच्या गुडघ्यात बारीक कळ उठली, उभं राहून उठली की विचारानं, ते तिला कळलं नाही. तिनं पाणी प्यायलं. गळवाल्याला मासा लागला नव्हता, तरी तो शांत बसला होता. ती निघाली तेव्हा तिनं काही ठरवलं होतं असं नाही. पण घरी पोचल्यावर तिला भूक लागली होती, आणि दुपारपासून पहिल्यांदाच तिनं पोटभर भात खाल्ला.

सकाळी डॉक्टर श्रीहरी आले. सिरोंच्याकडचे, तेलुगू हेल काढून मराठी बोलणारे, पांढऱ्या मिशांचे. आचल त्यांच्याकडे कधी गेली नव्हती. तिच्या गोळ्या आई गिरजा दरमहा दवाखान्याच्या सिंदेवाहीतल्या शिबिरातून आणायची. नवीन टॅब, नवीन रिपोर्ट, असं सगळं बोलणं झालं. अतुलनं भिंतीवरच्या टीव्हीवर आलेख दाखवले. मीटिंग संपत आली, भूपेश चहा सांगायला उठला, आणि आचलनं स्वतःचा आवाज ऐकला. “सर, एक सांगायचं आहे. ॲपची पहिली आवृत्ती अजून चालू आहे. तिच्यातून रुग्णांची माहिती बाहेर गेली आहे.” भूपेश अर्धवट उभा तसाच राहिला. “सर, म्हणजे तसं मोठं काही नाई,” तो घाईनं म्हणाला, “त्यात टेस्टिंगचे खोटे नंबर असतेत, बहुतेक—” डॉक्टरांनी हात वर केला. त्यांचा चेहरा बदलला होता. “आमच्याकडे दोन-तीन पेशंट आले होते. कोणीतरी फोन करून औषध विकतो म्हणाले. आम्हाला वाटलं गावातलंच कोणी असेल.” मग आचलकडे वळून, “खरंच सगळ्यांचं दिसतं? दाखव.”

भूपेश पुन्हा खुर्चीत बसला. “दाखव,” तोही थकल्यासारखा म्हणाला. “कोणताही एक नंबर टाक.” टीव्हीवर तिचा पडदा आला. पत्ता लिहिलेला होता, शेवटी क्रमांकाची जागा रिकामी. कोणताही एक. कोणताही एक म्हणजे कोणीतरी एक होतं, ज्याचं नाव, ज्याचं गाव आता या भिंतीवर हातभर अक्षरांत उमटणार होतं आणि अतुल ते वाचणार होता, चहा घेऊन येणारा माणूस वाचणार होता. त्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. या खोलीत विचारता येईल असं एकच माणूस होतं.   तिला आपला क्रमांक पाठ होता. तिनं तो लिहिला आणि बटण दाबलं.

 आधी अतुलला काही कळलं नाही, तो पुटपुटत वाचत होता, अचला मनसाराम, सिंदेवाही तालुका, आणि मग मोबाइल नंबरावर त्याचे ओठ थांबले, कारण तो नंबर त्याच्या फोनमध्ये होता. “हे माझं आहे,” आचल म्हणाली. “नाव चुकीचं लिहिलं आहे, पण मीच आहे. काल दुपारी मला फोन आला, म्हणून मी शोधलं. दुसऱ्या कोणाचं मी उघडलं नाही.” तिचा चेहरा तापला होता, आणि त्याच वेळी आत फार दिवस आवळून धरलेलं काहीतरी सैल होत होतं. अतुल खाली बघत होता. भूपेशनं डोळ्यांवर हात ठेवला होता. डॉक्टर श्रीहरी खुर्ची सरकवून तिच्या जवळ आले. टीव्हीकडे त्यांनी एकदाच पाहिलं. “हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू आहे ना तुझी?” त्यांनी विचारलं. “हो सर.” “पाणी पितेस?” “पिते.” “या एसीखाली कोणी बसवलं तुला?”  अतुल उठला, रिमोट शोधला आणि एसी बंद केला. मग तो रिमोट हातात घेऊन तसाच उभा राहिला, आता काय करावं ते न कळल्यासारखा.

त्या दिवशी पहिली आवृत्ती बंद झाली. जुन्या टॅबवर चालणारी उपकेंद्रं त्यामुळे आंधळी होणार होती, म्हणून भूपेशनं स्वतः एकेका उपकेंद्राला फोन लावून नर्सना सांगितलं की नवीन टॅब येईपर्यंत माहिती दवाखान्याला फोन करून विचारा. फोन लावताना तो प्रत्येक वेळी “आमच्याकडून चूक झाली” म्हणत होता, पहिल्या एकदोनदा अडखळत, मग न अडखळता. पोलिसांत तक्रार गेली. डॉक्टरांच्या माणसांनी रुग्णांना एकेक करून फोन करायला घेतले. संध्याकाळी आचलनं बापाला फोन केला. मनसाराम जाळं दुरुस्त करत असावा, फोन कानात आणि खांद्यात धरल्यामुळे त्याचा आवाज दबलेला येत होता. तिनं सांगितलं, “बाबा, ऑफिसमंदी सगळ्यायले सांगतलं मी.” पलीकडे मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. “मंग? काई बोलले का?” “एसी बंद केला.”  “मीच तुले नाई म्हनत होतो,” तो म्हणाला, “मले वाटे तुले कोणी काई बोलू नये.” आणि लगेच, “जेवलीस का?” ती जेवली नव्हती, तरी हो म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. ते चांगलं रडू होतं, थोडक्यात संपलं.

ज्यांचे फोन लागत नव्हते त्यांच्या गावी दवाखान्याची गाडी जाणार होती. आचल म्हणाली, मीही येते. भूपेश नको म्हणाला, प्रवासानं त्रास होईल म्हणाला, आणि मग स्वतःच थांबून, “तुला ठाऊक तुझं. जा,” म्हणाला. वाटेत मूल, सावली ही गावं, मग वैनगंगेचा पूल, गडचिरोली. गाडी मिथुन चालवत होता, दवाखान्याचा ड्रायव्हर, आणि सोबत दुर्गाबाई होत्या, संस्थेच्या जुन्या नर्स, गोंडी बोलणाऱ्या. धानोऱ्याच्या पुढं डांबर संपलं आणि दोन्ही बाजूंनी मोहाचा वास सुरू झाला, गोड, जड, डोक्यात चढणारा. झाडांखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या होत्या. आचल मागं बसून गाडीच्या हादऱ्यांबरोबर आपल्या मणक्यांचा एकेक सांधा मोजल्यासारखा अनुभवत होती. आपण कोणाला काय सांगणार आहोत, हे तिनं मनात चार वेळा रचून पाहिलं. ते ऑफिसच्या मराठीत येत होतं, तांत्रिक त्रुटी, अनधिकृत वापर, आणि ते शब्द मोहाच्या झाडांखालून जाताना तिला हास्यास्पद वाटत होते.

फोन न लागलेल्यांच्या यादीतल्या सोमारीचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि कडेला सावलीत बाजेवर ती पडली होती, बावीस-तेवीसची, गुडघे पोटाशी घेऊन. तिची आई उंबऱ्यात उभी होती. “जोहार,” दुर्गाबाई म्हणाल्या आणि गोंडीत काही बोलल्या. आईनं त्याच भाषेत भराभर उत्तर दिलं, मध्येच घरात जाऊन एक प्लॅस्टिकची बरणी आणून आपटल्यासारखी समोर ठेवली. आत त्या फोनवाल्यानं विकलेली करडी पूड होती. सोमारीनं दवाखान्याच्या गोळ्या कधीच्या सोडल्या होत्या. दुर्गाबाई तिचे डोळे बघू लागल्या, नाडी धरली, आणि आईला म्हणाल्या की पोरीला आजच न्यायला लागेल. सोमारीनं आचलकडे पाहिलं. डोळे पिवळसर होते, नजर मात्र धारदार. “हे कोण?”

“मी कम्प्युटरवाली,” आचल म्हणाली. “तुमचं नाव जिथं ठेवलं होतं—” तिथं तिचे रचलेले शब्द संपले. ती बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली आणि गावच्या बोलीत बोलू लागली, जी ती चंद्रपुरात कोणाशी बोलत नसे. “तुयं नाव जिथी ठेवलं होतं नं, तिथला एक जुना रस्ता बंद कराचा राहून गेला. कोणीबी त्या रस्त्यानं येऊन वाचून जाऊ शके. तो माणूस वाचून गेला. तो डॉक्टर नाई.”

“त्यानं मले नावानं आवाज देल्ला,” सोमारी म्हणाली. “म्हणे सोमारी, तुले दोन डाव रक्त चढलं. इतकं ज्याले मालूम हाय तो दवाखान्यातलाच असंल नं? मी काऊन नाई मानाचं त्याचं?”

“मानाचंच. कोणीबी मानलं असतं.”

“कोणाचा राहून गेला रस्ता?”

“आमचा.”

सोमारी उठून बसायला गेली, कळ आली, दात आवळून पुन्हा टेकली. “मी बोटातलं रक्त देल्लं होतं तुमाले,” ती म्हणाली. “मायं दुखणं गावभर फिरवा असं नोव्हतं म्हटलं. तुले काय समजते त्यातलं? तू एसीत बसते.”

“मायंबी तेच हाय,” आचल म्हणाली. “एस-एस. मलेबी त्याचा फोन आला होता.”

अंगणात माश्या मोहफुलांवर घोंगावत होत्या. आईनं दुर्गाबाईंकडे पाहिलं, दुर्गाबाईंनी मान हलवली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सोमारीनं आचलला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं, तिचे बूट, तिच्या गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र, तिचे डोळे. “आन कामाले जाते तू?” “जातो.” “रोज?” “दुखलं तं नाई जात.” “मंग काय सांगते?” “आतालोग खोटं सांगत होतो.” सोमारीच्या तोंडावर हसू यावं तसं काही आलं आणि कळेनं पुसलं गेलं. ती थोडा वेळ डोळे मिटून राहिली. आचलला वाटलं झोपली. पण ती म्हणाली, “काहाडून टाक मायं नाव. त्या कम्प्युटरमदून.”

 आचलला पटकन नाही म्हणता आलं असतं, कारणंही चांगली होती. “काहाडतो,” ती म्हणाली. “तुयं हाय, तू म्हणशील तं काहाडतो. पण मंग तू कुठी दूर गेलीस आन दुखणं उठलं, तं तिथच्या डॉक्टरले तुयी गोळी कोणती, रक्त कोणतं, काईच दिसणार नाई. तुलेच सांगा लागंल. दुखण्यात बोलता येत नाई कधी कधी.” “नाई येत,” सोमारी म्हणाली. तिनं आईशी गोंडीत काही बोलून घेतलं. आई वाद घालत होती की समजावत होती, आचलला कळलं नाही. शेवटी सोमारीनं बाजेच्या काठाला धरून मान वळवली. “राहू दे. पण आता कोणाले दाखवाचं असलं तं मले पहिले इचारा. आन कोणी पाह्यलं तं मले सांगा.” “हव,” आचल म्हणाली.

ॲपमध्ये तसं विचारायला जागा नव्हती. पहिल्या आवृत्तीत नव्हती, दुसरीतही नव्हती. दुसरी नर्सला विचारत होती तू कोण, पण जिचं दुखणं होतं तिला कोणीच काही विचारत नव्हतं. सोमारीला उचलून गाडीत ठेवताना, तिची आई पाण्याचा डबा आणि गोधडी घेऊन शेजारी बसताना, गाडी वळून पुन्हा कच्च्या रस्त्याला लागताना आचल तेच मनात मांडत होती. नुसता एक संदेश नको, ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय, बोलता फोन हवा, गोंडीतून हवा, दुर्गाबाईंचा आवाज घेता येईल. हे होण्यासारखं होतं. उद्या भूपेशला सांगायचं, डॉक्टरांना सांगायचं, ते हो म्हणतील की नाही ते बघू, पण हे होण्यासारखं होतं. खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर पडत होतं आणि तिला बऱ्याच दिवसांनी कामाची घाई झाली होती, लहानपणी तलावाकडं पळताना व्हायची तशी. पुढच्या बाकावर दुर्गाबाई फोनवर दवाखान्यात खाट मागत होत्या. मागं आचलच्या मांडीशी सोमारीचं डोकं गाडीबरोबर हलत होतं. आईनं तिला थोडं थोडं पाणी पाजलं.

धानोरा मागं पडलं आणि आचलच्या पायांत खालून वर कळा चढू लागल्या. सकाळपासून एकाच जागी बसल्यामुळे असेल. नेहमीसारखं तिनं ओठ दाबले, खिडकीबाहेर बघू लागली आणि मनात काही कारण शोधू लागली, गाडी थांबवायला लागलीच तर सांगायला. मग ती पुढं वाकली.

“मिथुनभाऊ, जराक थांबवा नं.”

“काऊन मॅडम? काई राह्यलं का गावात?”

“नाई. माये पाय दुखून राह्यले.”

“मायेबी,” तिच्या मांडीजवळून सोमारी म्हणाली.

मिथुननं आरशातून दोघींकडे पाहिलं आणि गाडी एका सागाच्या सावलीला घेतली.